बोरीचा बांध

रानात जागोजागी मातीचे बारीक खांब उभे राहिले होते. प्रत्येकाच्या डोक्यावर एक खडा, कुठे हरभऱ्याएवढा, कुठे चिंचोक्याएवढा. खड्याखालची माती जागेवर राहिली होती, आजूबाजूची गेली होती. मी उकिडवी बसले आणि एका खांबाशेजारी करंगळी उभी धरली. खांब नखाच्या वर गेला आणि पहिल्या पेराच्या रेघेला टेकला. बाजरी निघून रान नांगरल्यापासूनच्या चार-पाच पावसांत एवढी माती इथून उठून गेली होती.

"काय सापडलं?" मागून अण्णानं विचारलं.

"काही नाही. खडे बघतेय."

"तुमच्या कॉलेजात खडे नाहीत होय?" तो हसला. "चल, अंधार पडायच्या आत खालपर्यंत जाऊन येऊ."

मी उठले, हात झाडले आणि त्याच्यामागे चालू लागले.

अण्णा, म्हणजे हणमंत, माझा थोरला भाऊ. आम्ही दोघंच. मी तेव्हा शेतकी महाविद्यालयात मृदाशास्त्र शिकवत होते. दसरा झाला होता, परतीचा पाऊस रेंगाळत होता, आणि मी सासवडच्या बाजूच्या आमच्या गावी एका सहीसाठी आले होते. आप्पांना जाऊन वर्ष झालं होतं. आमच्याकडे बाप गेला की बहिणी हक्कसोड करून देतात. कचेरीत जाऊन जमिनीतला आपला वाटा सोडल्याची सही करायची, भाऊ साडी घेतो, वहिनी ओटी भरते, आणि माहेर शाबूत राहतं. माझ्या दोन्ही आत्यांनी असंच केलं होतं. वाटा मागणाऱ्या बहिणीचं गावात काय होतं तेही मी पाहिलं होतं. पाटलांच्या सिंधूनं मागितला, तेव्हापासून ती यात्रेला आली तरी देवळातूनच परत जायची.

वर्षभर मी अण्णाला 'पुढच्या सुट्टीत' असं सांगत आले होते. परीक्षा, पेपर तपासणं, मुलीचं आजारपण. कारणं सगळी खरी होती. पण मी येत नव्हते ती त्यांच्यामुळे नव्हे.

आमचं रान उताराचं. आजोबांनी ताली घालून त्याचे तीन टप्पे केले होते. ताल म्हणजे उताराला आडवी रचलेली दगडांची बुटकी भिंत. वरून येणारी माती तिच्या पोटाशी थांबते, साचत जाते, आणि एका आयुष्यात पायरी तयार होते. गेल्या उन्हाळ्यात अण्णानं वरची ताल जेसीबीनं काढून टाकली होती. ट्रॅक्टरला लांब सरी लागते, सारखं वळवत बसलं की वेळही जातो आणि डिझेलही, असं त्याचं म्हणणं. त्या भागात नांगराची तासं आता उताराच्या दिशेनं सरळ खाली धावत होती. पाण्याला आम्ही रस्ता करून दिला होता. दुसरी ताल माझ्या सहीसाठी थांबली होती. रान एकट्याच्या नावावर झालं की दिवाळीनंतर तीही काढायची आणि सगळं रान एक करायचं, हे त्यानं मला फोनवर आनंदाची बातमी दिल्यासारखं सांगितलं होतं. मी "बरं" म्हणाले होते.

आम्ही दुसरी ताल उतरून खालच्या टप्प्यात आलो. सगळ्यात शेवटी आमचा आणि सोनाकाकीचा सामाईक बांध. आमचं रान वर, तिचं खाली. बांधावर बोरीचं झाड. लहानपणी मी आणि सोनाकाकीची लता त्या बोरीखाली भाकरी खायला बसायचो, ती तिच्या अंगाला, मी माझ्या. बोर मधोमध होती. दोन्ही बाजूंना माणूस आडवं होईल एवढी बांधाची रुंदी असायची.

आता बोर आमच्याकडच्या कडेवर उभी होती. पलीकडच्या अंगाला पूर्वीसारखंच दाट गवत होतं. आमच्या अंगाला बांध सुरीनं कापल्यासारखा उभा तासलेला होता, आणि बोरीची मुळं उघडी पडून आमच्या सरीत लोंबत होती.

हे काय आहे ते गावाकडच्या कुणालाही सांगावं लागत नाही. याला बांध कोरणं म्हणतात. नांगरताना दरवर्षी फाळ बांधात थोडासा घुसवायचा. घेणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, इतकं ते थोडं असतं. आप्पांच्या बैलांच्या काळात ते बोटभर होतं. ट्रॅक्टर आला तसं वीतभर झालं. आप्पा कधी खोटं बोलले नाहीत, कुणाच्या झाडाची कैरी त्यांनी आम्हाला उचलू दिली नाही, पण बांध कोरताना त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. बांध तर दोघांचा असतो.

अण्णानं मी कुठे बघतेय ते पाहिलं.

"बोर म्हातारी झाली," तो म्हणाला. "पडेल एखाद दिवशी."

मी "हं" म्हणाले. घरी परतेपर्यंत आम्ही मुलांच्या शाळांबद्दल बोललो.

रंजनावहिनीनं माझ्या आवडीची शेंगोळी केली होती. जेवणं झाल्यावर तिनं कपाटातून साडी काढून माझ्या मांडीवर ठेवली. मोरपंखी, बारीक काठाची. "वन्सं, तुम्हाला भडक चालत नाही म्हणून तीन दुकानं फिरले," ती म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. माझ्या बाळंतपणात दोन महिने माझ्याजवळ राहिलेली बाई ती. मी साडीवरून हात फिरवला आणि छान आहे म्हणाले. झोपायला गेलो तेव्हा पत्र्यावर पाऊस सुरू झाला होता.

सकाळी तालुक्याला जायची जीप दहाला येणार होती. वहिनी ओटीचं सामान काढत होती, मी अंगणात केस विंचरत बसले होते. तेवढ्यात फाटकातून सोनाकाकी आली. पदर खोचलेला, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात, डोक्यावर घमेलं. साठीची बाई, पण चाल तीच. तिनं घमेलं अंगणाच्या मधोमध उतरवलं. त्यात माती होती, काठोकाठ.

"हणमंता, ए हणमंता. तुझी माती आलीय आमच्यात. घे बाबा, परत आणलीय."

अण्णा अर्धी दाढी करून बाहेर आला. गालावर साबण तसाच.

"काय झालं काकी, सकाळी सकाळी?"

"मला काय इचारतोस? बांध फुटला तुझा. आता बाकीची न्यायला तूच ट्रॉली घेऊन ये. माझ्या डोक्यावर एवढंच मावलं."

"बांध दोघांचा आहे काकी."

"व्हता," सोनाकाकी म्हणाली. "दोघांचा व्हता. माझ्या अंगाचा हाय अजून. तुझ्या अंगाच्या बांधाला उपास लागलाय, दरसाली वाळतोय. मी म्हनते एवढा कडक उपास कुठल्या देवाचा?"

वहिनी दारात येऊन उभी राहिली होती. तिनं घाईघाईनं चहा घेणार का म्हणून विचारलं.

"घेते की. भांडण मातीचं हाय, चहाचं न्हाई." सोनाकाकी पायरीवर टेकली. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. "शैला व्हय! कवा आलीस? सहीला आली असशील."

मी मान हलवली.

"साडी बघून घे गं बाई. भाऊ चिकट हाय तुझा."

अण्णा हसला, वहिनीही हसली, आणि मला वाटलं की हे असंच निभावून जाईल. काकीनं चहा बशीत ओतून प्यायला. ती रागावलेली दिसत नव्हती. बशी खाली ठेवताना तिनं घमेल्याकडे बघायचं टाळलं, तेव्हा मला कळलं की ती थट्टा करत होती, कारण नाहीतर तिला रडू आलं असतं.

ती म्हणाली, पोलीस पाटलांना बोलावलंय, कांदा सगळा गेलाय, येऊन बघून जावा.

ती गेल्यावर मी घमेल्यापाशी गेले. माती चिमटीत घेतली. काळपट, बारीक, बोटांना लोण्यासारखी. वरच्या थराची. खालचा मुरूम काकीनं तिथंच ठेवला होता. आमच्या रानातलं जे सगळ्यात चांगलं, तेवढंच तिनं वेचून घमेल्यात भरून आणलं होतं. मी ती चिमूट परत घमेल्यात टाकली आणि हात कुठे पुसावा हे मला कळेना.

रानाकडे जाताना अण्णा माझ्याबरोबरीनं चालत होता. दाढी त्यानं पुरी करून घेतली होती, तालुक्याला जायचा पांढरा शर्ट घातला होता.

"पाटील विचारतील," तो म्हणाला. "तुलाच विचारतील. सांग की पाऊसच तसा झाला. तुझ्या शब्दापुढं कुणी बोलणार नाही."

मी वाटेतलं डबकं ओलांडलं. तो बोलत राहिला.

"मी काही वाऱ्यावर सोडणार नाही तिला. कांद्याचं रोप देतो. भगदाड मुरूम टाकून बुजवतो. पण चूक आपली म्हटलं की पुढं मोजणी, तलाठी, कचेरी, सगळं आलं. आणि दहाला जीप आहे."

त्यानं हे चालता चालता, नेहमीच्या आवाजात सांगितलं. मला काही वाईट करायला सांगतो आहे असं त्याला वाटत नव्हतं.

मागच्या वर्षी, आप्पा जायच्या आधी, गावानं मला देवळाच्या सभामंडपात बोलायला बोलावलं होतं. माती कशी वाहते, उताराला आडवं का नांगरायचं, बांधावरचं गवत का जाळायचं नाही, बांधाला सांडवा का हवा, असं मी तासभर बोलले. पडद्यावर एका कोरलेल्या बांधाचं चित्र दाखवलं. पुढच्या रांगेत सोनाकाकी बसली होती. ते चित्र दुसऱ्या गावचं होतं. आमचा बांध चालत गेलं तर देवळापासून दहा मिनिटांवर होता. शेवटी कुणाला काही विचारायचं आहे का, असं मी म्हणाले. सोनाकाकी माझ्याकडे बघत राहिली आणि काहीच बोलली नाही. तेव्हा मला हायसं वाटलं होतं. ते हायसं वाटणं आजही, इतक्या वर्षांनी, देवळावरून जाताना मला आठवतं.

बांध बोरीच्या डावीकडे फुटला होता, जिथं तो सगळ्यात बारीक होता तिथं. बैलगाडी जाईल एवढं भगदाड. वरची ताल नव्हती, त्यामुळे वरच्या टप्प्याचं सगळं पाणी वेग घेऊन मधल्यात आलं होतं, दुसरी ताल ओलांडून खाली उतरलं होतं, आणि बाहेर पडायला जागा न मिळाल्यानं बांधाला भिडलं होतं. आप्पांच्या वेळी कोपऱ्यात दगडी सांडवा होता, जादा पाणी हळू उतरवून देणारा. त्या जागी आता सरी होती. आमच्या खालच्या टप्प्यात मुरूम उघडा पडला होता, खरवडलेल्या तव्यासारखा. आणि बांधापलीकडे सोनाकाकीच्या रानात घळ पडली होती. घळीच्या दोन्ही अंगांना नुकता लावलेला कांदा मुरमाखाली गेला होता. मध्येच एखादी हिरवी पात वर आलेली.

बोर कलली होती. तिच्या मुळांखालून उजेड दिसत होता.

पोलीस पाटील भिंताडे आधीच येऊन उभे होते. पँट दुमडलेली, चपला हातात. भला माणूस, पण कुणाच्याच बाजूनं बोलायचं नाही यावर त्यांनी आयुष्य काढलं होतं. त्यांनी मला नमस्कार केला.

"बरं झालं ताई तुम्ही आहात. नाहीतर आमचं काय, हा म्हणतो पाऊस, ह्या म्हणतात बांध कोरला. तुम्ही या विषयातल्या. तुम्हीच सांगा. कशानं फुटला?"

अण्णा माझ्याकडे बघत नव्हता. शर्टाच्या बाहीवरचा चिखलाचा शिंतोडा तो नखानं काढत होता. सोनाकाकी तिच्या रानात वाकली होती, मुरमातून कांद्याची रोपं हातानं उपसत होती. तिनं मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले.

मी म्हणाले, "पाऊस जोराचा होता."

एवढंच. वाक्यात काही खोटं नव्हतं. वर्गात मी मुलांना सांगायचे की अर्धं निरीक्षण लिहिणं म्हणजे चुकीचं निरीक्षण लिहिणं. ते मला तिथं, त्या क्षणी, माझ्याच वर्गातल्या आवाजात ऐकू आलं.

पाटलांनी सुटकेचा श्वास टाकला. "झालं तर. निसर्गापुढं कुणाचं चालतंय."

सोनाकाकी सरळ उभी राहिली. तिच्या ओंजळीत चार-सहा रोपं होती, चिखलानं माखलेली.

"पाऊस माझ्याबी रानात पडला की, शैले," ती म्हणाली. "तेवढाच पडला."

मी तिच्या रानाकडे पाहिलं. घळ तिच्या खालच्या बांधापाशी येऊन थांबली होती. तो बांध गवतानं भरलेला, जाड, जिथल्या तिथं होता. त्याच्या खालचं रान गेनबा तात्यांचं, आणि तिथं मेथी उभी होती, पानावर थेंब घेऊन.

सोनाकाकी पुढं म्हणाली, "जा आता तू. सहीला उशीर व्हईल." त्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. लहानपणी उन्हात खेळताना घरी जा म्हणायची, त्याच आवाजात ती बोलली, आणि पुन्हा वाकली.

अण्णानं माझ्या कोपराला हात लावला. "चल." पाटलांना त्यानं चहाला या म्हणून सांगितलं. आम्ही वळलो. चार पावलं गेल्यावर तो हलक्या, मोकळ्या आवाजात म्हणाला, "जेसीबी आली की ही बोरही काढून टाकू. भगदाडात घालू तिलाच. म्हणजे मध्ये कुठं होती नि कडेला कुठं, हा वादच मिटला."

त्यानं हे मला दिलासा द्यायला सांगितलं होतं. माझा भाऊ होता तो. मला सायकलवर पुढं बसवून त्यानं शाळेला नेलं होतं, मला शिकायला पाठवा म्हणून आप्पांशी भांडला होता. मी आज जी काही होते त्यात त्याच्या सायकलीचा वाटा होता, आणि हे मला ठाऊक होतं म्हणूनच वर्षभर मी 'पुढच्या सुट्टीत' म्हणत राहिले होते.

मी थांबले. मग परत फिरले आणि बोरीपाशी जाऊन उभी राहिले. लोंबणाऱ्या मुळांपैकी एक मनगटाएवढं जाड होतं. मी ते धरलं. सालीवर फाळाचे ओरखडे होते, एकाखाली एक. वरचे जुने, काळे पडून भरत आलेले. खालचा ताजा, पांढरा.

"शैला," अण्णा म्हणाला, "दहा वाजत आले."

"पाटील," मी म्हणाले, "मघाशी मी अर्धंच सांगितलं. पाऊस जोराचा होता. पण बांध त्यानं फुटला नाही. आम्ही तो कोरत आलो. आप्पांनी कोरला, अण्णानं कोरला. वरची ताल काढली, सांडवा बुजवला. मला हे माहीत होतं. कोरणं तर देवळात बोलले त्या दिवशीही माहीत होतं."

पाटलांनी हातातल्या चपला खाली ठेवल्या आणि पुन्हा उचलल्या. सोनाकाकी उठली नाही, पण तिनं ओंजळीतली रोपं एका दगडावर ठेवली, एकेक करून, मुळं एका बाजूला.

अण्णा माझ्याजवळ आला. त्याचा चेहरा उतरला होता. इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात तो म्हणाला, "हे असं चारचौघांत? घरी बोलली असतीस."

"घरी वर्षभर आले नाही, अण्णा."

"बरं. झालं ते झालं. बघू नंतर. आधी सही करून येऊ."

रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. वहिनी वरच्या टप्प्याच्या कडेला येऊन उभी होती. लांबूनही तिच्या हातातली पिशवी दिसत होती. त्यात साडी असणार, ओटीचे तांदूळ असणार. ती हात करून बोलावत होती.

माझ्या हातात अजून ते मूळ होतं. मी ते सोडलं.

"मी सही करणार नाही, अण्णा," मी म्हणाले. "जीप परत पाठव. माझा वाटा मला दे. दुसऱ्या तालीपासून खाली, या बोरीपर्यंतचा. ताल जिथं आहे तिथं राहील. सांडवा मी पुन्हा घालीन. आणि बांध आपल्या अंगानं एवढा भरीन की बोर पुन्हा मधोमध येईल."